डबा विकत घेण्याआधी

व्यायामशाळेत नाव घातलंस, छान केलंस. पण आल्या आल्या गोळ्या-पावडरींची यादी मागतोयस, म्हणून जरा सविस्तर सांगते.

"नैसर्गिक आहे, अपाय नाही" हे आधी डोक्यातून काढ. ग्रीन टीचा कप वेगळा, त्याच्या अर्काची कॅप्सूल वेगळी. त्यातलं ईजीसीजी नावाचं द्रव्य दिवसाला 800 मिलिग्रॅमच्या वर गेलं तर यकृताला इजा होऊ शकते, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2018 मध्येच सांगितलंय. अश्वगंधा किंवा मिरीचा अर्क घातलेल्या हळदीच्या कॅप्सूलनेही काहींना कावीळ झाल्याच्या नोंदी आहेत. लघवी गडद, डोळे पिवळे, अंगाला खाज दिसली की गोळी त्याच दिवशी बंद आणि थेट डॉक्टर.

ड जीवनसत्त्वाची 60,000 युनिटची पुडी रोज घ्यायची नसते रे! ते चरबीत साठतं. अति झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला त्रास होतो.

मला सर्वांत काळजी वाटते ती केसांसाठीच्या बायोटिनची, म्हणजे ब गटातल्या एका जीवनसत्त्वाची. मोठ्या मात्रेने थायरॉइड तपासणीचे आकडे चुकतात, आणि हृदयविकाराच्या झटक्यात बघतात ते ट्रोपोनिन हे रक्तातलं प्रथिनही खोटं कमी येऊ शकतं. रक्त देताना प्रयोगशाळेत सांगच.

डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, 14 अंकी परवाना क्रमांक बघ. स्टेशनबाहेरची सुटी पावडर, बिनलेबलची भस्मं नकोतच. भस्मांत शिसं, पारा सापडलेला आहे.

सध्या मटकीची उसळ, अंडी, दही खा. घरी आधीच ज्या बाटल्या असतील, त्या उद्या घेऊन ये, लेबलं एकत्र वाचू.