टाकी वीस पौंडांचीच राहू द्या, आधी ४०१-के सुरू करा

प्रश्न : आम्ही डॅलसजवळ भाड्याच्या घरात राहतो. मी एकटा कमावता, पगार वर्षाला दीड लाख डॉलर. मुलं सहा आणि नऊ वर्षांची. तीन आठवड्यांपूर्वी ३६ हजारांचा ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं फिरतं घर, घेतला. कर-फी, दुरुस्तीच्या हमीचं साडेचार हजारांचं सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट आणि दीड हजारांचं पेंट-प्रोटेक्शन धरून, अडीच हजार रोख भरल्यावर कर्ज ४२ हजार झालं : ९ टक्के, १५ वर्षं. व्याजावर करसवलत मिळते असं डीलर म्हणाला. ट्रेलरवर २० पौंडांच्या दोन प्रोपेन टाक्या आहेत. साडेसहाशे डॉलरमध्ये ३० पौंडांच्या बसवून देतो म्हणतो. नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगला टेक्ससमधल्याच पालो ड्युरो कॅन्यनमध्ये चार रात्री राहणार आहोत, विजेची जोडणी असलेली जागा मिळाली आहे. टाक्या बदलाव्यात का? हप्त्यासाठी पगारातून निवृत्तीसाठी कापलं जाणारं माझं ६ टक्क्यांचं ४०१-के सध्या बंद केलंय (कंपनी ५ टक्क्यांपर्यंत स्वतःचे तेवढेच पैसे घालते). मुलांच्या शिक्षणासाठीच्या ५२९ बचत खात्यात महिना ५०० चालू आहेत. पुढे ट्रेलर भाड्याने दिला की हप्ता निघेलच.

उत्तर : टाक्या बदलू नका. २० पौंडांच्या टाकीत सुमारे ४.७ गॅलन गॅस मावतो, म्हणजे दोन टाक्यांत नऊच्या वर. ट्रेलर गरम ठेवणारा तुमचा फर्नेस तासाला ३० हजार बीटीयू (उष्णतेचं माप) क्षमतेचा धरला तर तो सलग चालताना तासाला गॅलनचा तिसरा हिस्सा जाळतो. गोठवणाऱ्या रात्री दहातले पाच तास तो चालू राहील. स्वयंपाक आणि गरम पाणी धरून रात्रीला दोन गॅलन. चार रात्री आरामात निघतात, शिवाय वीज असल्याने छोटा हीटर लावलात तर गॅस उरेलच. ३० पौंडांची एक टाकी म्हणजे आपल्याकडच्या लाल सिलिंडरएवढा गॅस, आणि भरलेल्या दोन टाक्यांचं वजन आताच्यापेक्षा पस्तीसेक पौंड जास्त. ते सगळं ट्रेलरच्या पुढच्या टोकावर, म्हणजे तुमच्या गाडीच्या हिचवर (ट्रेलर जोडायच्या जागेवर) येणार. वीज नसलेल्या जागी राहायचं ठरवलंत तरी मोठ्या टाकीने फारसं साधत नाही, कारण फर्नेसचा पंखा बॅटरीवर चालतो आणि गॅस संपायच्या आत साधी बॅटरी बसते. फक्त दुकानातल्या बदली टाक्या घेऊ नका. त्यांत बहुधा १५ पौंडच गॅस असतो. गॅलनवर भरून देणारा गाठा.

साडेसहाशे वाचले. आता तुम्ही कंसात टाकून दिलेल्या वाक्याकडे वळू.

वर्षाला ९ हजार ४०१-के मध्ये जात होते. ते थांबवल्यावर २२ टक्के कर वजा जाता हातात येतात सात हजार. कंपनीचे साडेसात हजारही थांबले. म्हणजे सात हजार हातात यावेत म्हणून निवृत्तीच्या खात्यात जाणाऱ्या साडेसोळा हजारांवर तुम्ही पाणी सोडलंत. साडेसात हजार टाकले की दुसरे साडेसात हजार त्याच दिवशी जमा, असा व्यवहार बाजारात दुसरा कोणता आहे, सांगा. आणि हे बंद करून ५२९ मात्र चालू! टेक्ससमध्ये राज्याचा आयकरच नाही, त्यामुळे ५२९ मध्ये पैसे भरताना कुठलीही वजावट मिळत नाही. मुलांच्या शिक्षणाला कर्ज मिळतं. तुमच्या म्हातारपणाला कोणी देणार नाही.

५२९ थांबवा आणि ४०१-के ५ टक्क्यांवर सुरू करा. हातातले महिना ४९० कमी होतील, ५२९ चे ५०० वाचतील. हिशेब तिथेच मिटतो. हे या पगाराच्या तारखेआधीच करा.

करसवलतीचं म्हणाल तर डीलर अर्धं खरं बोलला. झोपायची, स्वयंपाकाची आणि संडासाची सोय असलेला ट्रेलर दुसरं घर म्हणून धरता येतो. पण त्यासाठी ठोक वजावट (खर्च न दाखवता उत्पन्नातून सरसकट वजा होणारी रक्कम) सोडावी लागते आणि पती-पत्नींची ती २०२४ सालीच २९,२०० डॉलर होती. तुमचं पहिल्या वर्षीचं व्याज ३,७०० च्या आसपास, घरकर्ज नाही. सवलत शून्य.

महिना ४२६ चा हप्ता १५ वर्षं भरलात की ४२ हजारांचे साडेशहात्तर हजार होतात. पाच वर्षांनी ३३ हजारांहून जास्त कर्ज शिल्लक असेल आणि ट्रेलर तेवढ्याला कोणी घेणार नाही. भाड्याचंही आधी कागदावर तपासा : कर्जाच्या करारात आणि विम्यात बहुधा ‘फक्त स्वतःच्या वापरासाठी’ असं कलम असतं. भाडेकरूने छत फाडलं आणि विमा कंपनीने हात वर केले, तर हप्ता तुमचाच. शिवाय दर भाडेकरूनंतर मैल्याची टाकी कोण रिकामी करणार, हे घरात आताच ठरवून टाका.

सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट रद्द करता येतं का, ते आज रात्री वाचा. पुष्कळ करारांत पहिल्या तीस दिवसांत पूर्ण रक्कम परत मिळते, नंतर कापून. तुमचे तीन आठवडे गेले आहेत. परत आलेले पैसे कर्जाच्या मुद्दलात वळते होतील. हप्ता तोच राहील, पण साडेचार हजार पूर्ण आले तर कर्ज जवळपास तीन वर्षं आधी फिटेल. पेंट-प्रोटेक्शनचा थर चढवून झाला असेल तर त्या दीड हजारांची आशा सोडा. डीलरला फोन करू नका. फायनान्स मॅनेजर ‘आज सुट्टीवर’ असेल, परवा ‘मीटिंगमध्ये’ असेल, आणि तिसावा दिवस उलटून जाईल. ई-मेल पाठवा, कराराचा नंबर लिहा, त्यावरची तारीख लिहा आणि लेखी पोच मागा.