'काराकुची' साके म्हणजे तिखट साके का?

प्रश्न असा आलाय की जपानच्या नीगाता भागातल्या साकेच्या (तांदळापासून केलेली जपानी दारू) बाटलीवर 'तानरेई काराकुची' लिहिलेलं असतं, भाषांतराचं अ‍ॅप त्याचं 'तिखट' करतं, मग ही साके खरंच तिखट लागते का आणि मराठीत तिला नेमकं काय म्हणायचं.

तिखट अजिबात नाही. घोळ 'काराई' या शब्दाचा आहे. जपानीत मिरचीचा तिखटपणा पण काराई, खारट पण काराई, आणि दारूच्या बाबतीत काराई म्हणजे फक्त गोड नसलेली. कुची म्हणजे तोंड. याची उलट जोडी 'आमाकुची', म्हणजे गोडसर. आपल्याकडे बघा, विहिरीला गोडं पाणी लागलं म्हणतो तेव्हा त्यात साखर नसते, ते खारं नाही एवढंच सांगायचं असतं, आणि गोडं वरण पण तसंच, त्यात तिखट नाही म्हणून ते गोडं. काराकुचीत हेच उलट्या बाजूने झालंय, गोड नाही म्हणून कारा.

काही जण वाइनच्या 'ड्राय'वरून 'कोरडी' लिहितात, मला ते पटत नाही, कारण हाक्काइसान या नीगाताच्याच ब्रँडची होंजोझो (साकेचा एक प्रकार) थंड घेतली तर पहिल्या घोटाला जवळजवळ पाण्यासारखी नितळ लागते, वास अगदी मंद, वाफवलेल्या तांदळाचा, आणि घशाशी जाताना थोडीशी धार जाणवते, यात कोरडं असं काहीच नाही. तीच कोमट केली की भाताचा वास वर येतो आणि मला तरी ती जास्त आवडते. म्हणून 'तानरेई'ला मी नितळ म्हणेन (अक्षरशः अर्थ फिकी आणि देखणी, पण 'फिकी' मराठीत तक्रार वाटते) आणि काराकुचीला 'अगोड'.

ही चव तिथल्या पाण्यातून आणि तांदळातून येते. बर्फ वितळून येणारं पाणी मृदू, त्यात खनिजं कमी, त्यामुळे यीस्ट सावकाश काम करतं, आणि गोह्याकुमानगोकु हा तिथलाच तांदूळ, त्याची साके हलकी स्वच्छ होते. शिवाय युद्धानंतर जपानमधे बाहेरचं अल्कोहोल आणि ग्लुकोज घालून वाढवलेली गोडमिट्ट साके खूप चालायची, तिला लोक कंटाळले आणि १९७०-८० च्या दशकांत नीगाताची ही अगोड साके एकदम गाजली, म्हणून आजही काराकुची हा शब्द कौतुकाने छापतात.

बाटलीवर कधी 'निहोनशुदो' नावाचा आकडा असतो, अधिक म्हणजे अगोडकडे, उणे म्हणजे गोडकडे. पण तो पाण्याच्या तुलनेत घनतेचा आकडा आहे, जिभेचा नाही, आंबटपणा जास्त असेल तर +२ वाली पण +५ पेक्षा अगोड वाटू शकते. नुसत्या आकड्यावर जाऊ नका.

आणि नीगाताच्या साकेबद्दल अजून एक शब्द हमखास येतो, 'किरे', म्हणजे कापलं जाणं. गिळल्यावर चव जिभेवर रेंगाळत नाही, पटकन संपते, तो हा गुण. याला मराठीत 'चव चटकन तुटते' असं सरळ लिहावं, 'शार्प फिनिश' वगैरेची काही गरज नाही.