तीस भेटी, सातशे रुपये आणि नाताळ

पणजीत नव्याने आलेल्या ताईंचा प्रश्न असा आहे: ऑफिसातल्या ३० जणांना नाताळाला हाताने बनवलेल्या, गोव्यातल्याच भेटी द्यायच्या आहेत, माणशी ७०० रुपये, आणि वस्तूवर फेअर ट्रेडचा शिक्का हवा. कुठे मिळतील, आणि बांधून द्यायच्या कशात?

ताई, आज ऑक्टोबरची २० तारीख आहे. भेटी मिळतील. शिक्क्याचा हट्ट मात्र सोडा.

फेअर ट्रेड म्हटले की लोक दोन वेगळ्या गोष्टी एकात घालतात. फेअरट्रेड इंटरनॅशनलचा शिक्का मुख्यतः चहा, कॉफी, कोको, कापूस असल्या शेतमालावर दिसतो. हस्तकलेत चालते ती वर्ल्ड फेअर ट्रेड ऑर्गनायझेशनची पद्धत, आणि तिच्यात तपासणी होते संस्थेची. तिचे हिशेब, मजुरी, कामाची जागा, सगळे पाहतात. डिचोलीतला एकटा कुंभार किंवा सासष्टीतली घरी बसून क्रोशे विणणारी बाई या कागदपत्रांच्या वाटेला जाणार कशाला? शिक्का नाही म्हणून तिचा माल वाईट ठरत नाही, आणि शिक्का नसताना 'फेअर ट्रेड' असे झोकदार अक्षरात लिहिणाऱ्या बुटीकला दोन प्रश्न जास्त विचारावेत.

भौगोलिक मानांकनाचेही तसेच. फेणीला ते २००९ साली मिळाले, काणकोणातल्या खोला मिरचीला २०२० साली, बेबिंका या थरांच्या गोडाला २०२३ साली. ते मानांकन वस्तू कुठली आणि कशी केलेली, एवढेच सांगते. करणाऱ्याच्या हातात किती पडले, त्यावर तिथे एक अक्षर नाही.

मग काय बघायचे? संस्थेसाठी फेअर ट्रेडची जी तत्त्वे आहेत त्यातले एक तुम्हाला आजच पाळता येईल: हस्तकलेच्या मालाला, कारागिराने मागितली तर, निदान निम्मी रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यायची. वाचताना ही बाब किरकोळ वाटते. मला तिचे मोल एकदा चांगलेच कळले.

काही वर्षांपूर्वी मी डिचोलीच्या बाजूच्या एका कुंभाराकडे ४० छोटे दिवे सांगितले, वर जाळीदार झाकण असलेले. सांगितले कधी, तर डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. तो म्हणाला, "बाय, नाताळाच्या आत नाही व्हायचे." मी गोड बोलून गळ घातली आणि आगाऊ म्हणून एक रुपया दिला नाही, कारण 'माल बघून पैसे' ही आपली सवय. त्याने चाकावर दिवे काढले, जाळी एकेक करून सुरीच्या टोकाने कोरली, सावलीत ठेवले. माती वरून सुकलेली दिसते, पण बुडाशी, जिथे जाड असते तिथे, ओल दडून राहते. भट्टीत ती ओल वाफ होऊन बाहेर पडायला बघते आणि वाट मिळाली नाही की भांडे फोडते. ४० पैकी १७ दिवे फुटले. गेले तेव्हा तुकडे एका घमेल्यात जमा करून ठेवले होते आणि २३ दिवे वर्तमानपत्रात गुंडाळून तयार. त्याने २३ दिव्यांचेच पैसे सांगितले. माती, लाकूड, १७ दिव्यांवरची मेहनत, सगळे त्याच्या अंगावर, आणि घाई माझी. मी ४० चे पैसे पुढे केले तर घेईना. शेवटी त्याच्या बायकोने घेतले.

तेव्हापासून मी डिसेंबरपर्यंत थांबत नाही. मातीचे काम दिवाळीआधीही सांगायला जात नाही, कारण तेव्हा कुंभारांचे हात पणत्यांत अडकलेले असतात. दिवाळी झाली रे झाली की फोन करायचा, निम्मे पैसे द्यायचे, आणि 'कधी देणार' हे त्यालाच ठरवू द्यायचे.

आता तुमच्या ७०० रुपयांत काय बसेल ते.

खायचे सगळ्यात सोपे. कुस्वाद म्हणजे नाताळाच्या गोडाचे ताट: दोदोल, बेबिंका, नेवऱ्या, कुलकुल, दोस. आपण दिवाळीला फराळ शेजारी पाठवतो, तो डिसेंबरात कुस्वाद होऊन घरी परत येतो, त्यामुळे इथे कुणाला हे समजावून सांगावे लागत नाही. बेबिंका मात्र घरगुती करणाऱ्या बाईकडूनच घ्या आणि आत्ताच सांगून ठेवा. नारळाचा रस, अंड्याचा बलक, मैदा, साखर, तूप, जायफळ. एक थर ओतायचा, वरून आच देऊन भाजायचा, तूप सोडायचे, मग दुसरा. पारंपरिक बेबिंका सात थरांचे, काही जणी त्याहून जास्त करतात. मधे उठून जाता येत नाही, म्हणून दिवसाकाठी होऊन होऊन किती होणार? ही मजुरी लक्षात घेतली की तिचा दर बेकरीपेक्षा जास्त का, हे विचारायला तोंड उघडत नाही. एक सूचना: त्यात अंडी असतात. ऑफिसात कुणी शाकाहारी असेल तर त्यांच्यासाठी दोदोल घ्या. तो तांदळाचे पीठ, नारळाचा रस आणि माडाचा काळा गूळ यांचा.

टिकाऊ काही हवे असेल तर कुंकळ्ळीच्या चितारी मंडळींचे रंगीत लाकूडकाम बघा. पाट, चौरंग, पाळणे ही त्यांची ओळख, तुमच्या बजेटात लहान खेळणी किंवा डबी येईल. कातकामात फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते, ब्रश लागतच नाही. नखाने हलके खरवडून बघा. तैलरंगाचा पापुद्रा निघतो, लाख तशी सुटत नाही.

कुणबी साडीचा नाद यंदा सोडा. लाल चौकड्यांचे हे कापड खांद्यावर देठलीची गाठ मारून नेसत. फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी त्याला पुन्हा लोकांपुढे आणले आणि आता त्या चौकड्या पॉवरलूमवर गोव्याबाहेर विणून 'अस्सल गोव्याची' म्हणून विकतात. हातमागाच्या कापडाच्या दोन्ही काठांना बारीक टोचल्याच्या खुणा सापडतात, मागावर कापड ताणून धरणाऱ्या पट्टीच्या टाचण्यांच्या. खुणा असल्या तरी ७०० रुपयांत अख्खी साडी येत असेल तर कुणीतरी उपाशी आहे असे समजा.

हणजुण्याचा बुधवारचा बाजार आणि हडफड्याचा शनिवार रात्रीचा बाजार यांबद्दल मला लोक हमखास विचारतात. तिथला बराच माल राजस्थान, कर्नाटक, काश्मीरकडचा. तो वाईट असेच नाही. लमाणी बायकांच्या हातचे आरशांचे भरतकाम खरे असेल तर फार सुंदर. फक्त गोव्याचे म्हणून देऊ नका, आणि भरतकाम उलटून बघा. हाताच्या टाक्यांची मागची बाजू थोडी ओबडधोबड असते, मशीनची सगळीकडे सारखी. शंख-शिंपल्यांच्या वस्तू अजिबात घेऊ नका. प्रवाळ आणि काही जातींचे शंख १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत, आणि विकणाऱ्याला कुठला कुठल्या जातीचा हे ठाऊक नसते.

शेवटची गोष्ट थोडी कटू आहे, पण सांगते. एका ऑफिसासाठी मी अशीच क्रोशेच्या रुमालांची ऑर्डर जुळवून दिली होती. रुमाल २० डिसेंबरला पोचले, वाहवा झाली. बिल, व्हेंडर फॉर्म, रद्द केलेला चेक, मग 'साहेब रजेवर', असे करत विणणारीला पैसे मिळाले मार्चमध्ये. २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्यात करार काहीही असला तरी पैसे चुकते करायला ४५ दिवसांची मर्यादा आहे, पण ती नोंदणी केलेल्यांना उपयोगी. घरी विणणारी बाई कुठे नोंदलेली असते? तुम्ही तुमच्या खात्यातून त्याच दिवशी यूपीआय करा आणि ऑफिसकडून स्वतः वसूल करा. थांबायचे तर पगारदाराने थांबावे.

भेटी कशात बांधायच्या ते विचारलेत. चकचकीत खोक्यांवर १०० रुपये घालू नका. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बांबूच्या लहान टोपल्या मिळतात, त्यात जुने वर्तमानपत्र घालून वस्तू ठेवा. नखेत्रे, म्हणजे नाताळाचे चांदणीच्या आकाराचे कंदील, करणाऱ्याकडे रंगीत कागदाचे कपटे उरलेले असतात, मागितले तर देतो. वर एक चिठ्ठी टाका आणि करणाऱ्याला आधी विचारून तिच्यावर त्याचे नाव आणि गाव लिहा. माझ्या कुंभाराने नाव घालायला होकार दिला, फोन नंबर मात्र घालू नका म्हणाला, कारण रात्री अकरा वाजता लोक भाव विचारतात.