वाचकांचे प्रश्न : घाटात तापणारी मस्टँग आणि इंचाचे आटे

प्रश्न : फोर्डची १९६८ची मस्टँग आहे, ३०२ घनइंचांचं इंजिन. गावात नीट चालते, पण गोव्याहून परतताना चोर्ला घाट लागला की काटा लाल पट्टीत जातो. मिस्त्रीनं थर्मोस्टॅट काढून टाकला, तरी फरक नाही. आता मोठा रेडिएटर घालावा का?
– एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : रेडिएटरचे पैसे एवढ्यात घालू नका. आधी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावरच रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप, परत बसवा, ८२ अंशांचा, म्हणजे १८० फॅरनहाइटचा. घाटात तो तसाही पूर्ण उघडलेलाच असतो, त्यामुळे काढून फायदा काहीच होत नाही. तोटा मात्र रोजचा आहे. सकाळी इंजिन वेळेत गरम होत नाही, तेल घट्ट राहते आणि सिलिंडर झिजतात.

घाटात गाडीचा वेग तीस-चाळीसचा आणि इंजिनावर भार पूर्ण, त्यामुळे समोरून येणारी हवा पुरत नाही. सगळे काम पंख्याने करायचे असते. म्हणून बॉनेट उघडून पहिल्यांदा पंख्याभोवतीचे आच्छादन, म्हणजे श्राउड, आहे का ते पाहा. जुन्या गाड्यांमधून ते कधीतरी काढलेले असते आणि परत बसवायचे राहून जाते. ते नसेल तर पंखा इंजिनाकडचीच गरम हवा फिरवत बसतो. पाती निम्मी श्राउडच्या आत आणि निम्मी बाहेर हवीत. पंखा आणि रेडिएटर यांच्यात साधारण एक इंच जागा असावी.

मग खालची रबरी नळी तपासा. इंजिन गरम असताना एकाला ३००० आरपीएमपर्यंत, म्हणजे मिनिटाला ३००० फेऱ्यांपर्यंत, रेस करायला सांगा आणि तुम्ही नळीकडे बघत राहा. ती आत चेपली तर आतली तारेची स्प्रिंग गंजून गेली असे समजा. पंप पाणी ओढतो, नळी मिटते आणि नेमके भार असतानाच पाणी थांबते.

रेडिएटरचे झाकणही बदला, १३ पीएसआय दाबाचे घ्या. बेळगावच्या उंचीवर उघडे पाणी सुमारे ९७ अंशांना उकळते. झाकणाचा दाब टिकला तर तेच पाणी ११५च्या पुढे जाईपर्यंत उकळत नाही. झाकणाचे रबर कडक झाले असेल तर हा सगळा फायदा गेला. आत बोअरचे पाणी घालू नका, त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरतात. निम्मे डिस्टिल्ड वॉटर, निम्मे कूलंट.

एवढे करूनही तापली तर टायमिंगकडे, म्हणजे प्लगची ठिणगी पडण्याच्या वेळेकडे, या. ते मागे राहिले की जाळ उशिरा लागतो आणि उष्णता एक्झॉस्टच्या बाजूने सिलिंडर हेडमध्ये शिरते. डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्युमची नळी काढून, तिचे तोंड बंद करून, टायमिंग लाइट लावा. आयडलला, म्हणजे इंजिन नुसते चालू असताना, ८ ते १० अंश आणि ३०००ला एकूण ३४ ते ३६. घाट चढताना टणटण ऐकू आली तर दोन अंश मागे घ्या.

आता पेट्रोल. सध्याच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. त्याला हवेच्या मानाने जास्त इंधन लागते : निव्वळ पेट्रोलचे प्रमाण १४.७ला १, या मिश्रणाचे साधारण १३.५ला १. साठ वर्षांपूर्वीच्या कार्बोरेटरला हे कळत नाही. तो जुन्याच हिशेबाने पेट्रोल देतो, मिश्रण पातळ होते आणि इंजिन तापते. मेन जेट, म्हणजे कार्बोरेटरमधले पेट्रोल सोडणारे मुख्य छिद्र, दोन क्रमांक मोठा घाला, घाट एकदा चढा आणि वर पोचताच इंजिन बंद करून प्लग काढून बघा. पांढरा असेल तर अजून पातळ आहे. फिकट तपकिरी आला की थांबा. त्याच बैठकीत टाकीपासून पंपापर्यंतच्या रबरी नळ्याही इथेनॉलला टिकणाऱ्या घाला. जुने रबर आतून फुगते, त्याचे पापुद्रे सुटतात आणि जेटमध्ये अडकतात.

प्रश्न : शेव्हीचं, म्हणजे शेव्हरोलेचं, ३५० इंजिन, वर अॅल्युमिनियमचा इनटेक (हवा-पेट्रोल आत नेणारा भाग). थर्मोस्टॅटच्या झाकणाचा बोल्ट हरवला म्हणून गॅरेजवाल्यानं दहा मिलिमीटरचा बोल्ट आवळला. तेव्हापासून पाणी गळतंय बघा.
– एक वाचक, गोकाक

उत्तर : तिथे दहाचा बोल्ट नाही, तीन-अष्टमांश इंचाचा, इंचाला सोळा आट्यांचा आहे. त्याची जाडी साडेनऊ मिलिमीटरच्या आसपास आणि आट्यांतले अंतर १.५९. दहाच्या बोल्टचे अंतर १.५, म्हणजे दोन-तीन फेरे तो जातो, मग दाटतो. इथे लोखंड असते तर बोल्ट अडकला असता. अॅल्युमिनियम असल्यामुळे बोल्टने भोकातले आटेच कापून नेले.

इनटेक काढून बेळगावला उद्यमबागेत चांगल्या टर्नरकडे न्या आणि ३/८-१६ची हेलिकॉइल, म्हणजे भोकात नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवून घ्या. जागेवरच ड्रिल मारू नका, बुरादा पाण्याच्या वाटेत पडतो. नंतर बोल्ट हाताने शेवटपर्यंत फिरतो का ते पाहा. भोक बंद तळाचे असेल तर लांब बोल्ट झाकण दाबायच्या आधीच तळाला टेकतो. आवळायचा २० फूट-पौंडांपर्यंत, दोन्ही बाजू आलटूनपालटून.

इंचाच्या गोट्यांचा (सॉकेट पान्यांचा) एक संच घेऊनच ठेवा. ५/८ला सोळाचा आणि ३/४ला एकोणीसचा पाना चालून जातो. पण ९/१६ला चौदाचा बसत नाही आणि पंधराचा कोपरे गोल करतो.

प्रश्न : आमच्यात फोर्डवाले आणि शेव्हीवाले अशा दोन फळ्या आहेत. फोर्डवाले म्हणतात, शेव्हीची कॅमेरो झेड-२८ १९७०ला ३६० हॉर्सपॉवरची होती आणि १९७२ला २५५ची, म्हणजे शेव्हीनं इंजिनच मारून टाकलं. खरं काय?
– एक वाचक, संकेश्वर

उत्तर : दोन्ही आकडे खरे, पण वजन एका काट्यावर केलेले नाही. १९७१पर्यंत जाहिरातीत ग्रॉस आकडा असे : इंजिन बाकावर, एअर फिल्टर नाही, गाडीचा सायलेन्सर नाही. १९७२पासून नेट, म्हणजे सगळा संसार जोडून मोजलेला. १९७१च्या झेड-२८चे दोन्ही आकडे मिळतात, ग्रॉस ३३० आणि नेट २७५. एकाच इंजिनाचे ५५ घोडे नुसत्या मोजण्यात गेले. खरी घट १९७१ला झाली, कारण कमी शिशाच्या पेट्रोलसाठी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबले जाते ते, ११वरून ९वर आणले. आजच्या रस्त्यावर वापरायला ९वालेच इंजिन घ्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हाच नियम तुमच्या फोर्डवाल्यांनाही लागू आहे. मस्टँग १७ एप्रिल १९६४ला आली, तिला उत्तर म्हणून कॅमेरो १९६७च्या मॉडेल वर्षाला. दोघींच्या त्या काळच्या जाहिरातींतले आकडे ग्रॉसच आहेत. वाद मिटवायचाच असेल तर दोन्ही गाड्या एकाच दिवशी एकाच डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, चढवा. महामार्गावर किंवा वंटमुरी घाटात शर्यत लावू नका. ड्रम ब्रेक दोन वळणांत तापून हात टेकतात.

प्रश्न : मी निपाणीचा. कोल्हापूरहून एमएच-०९ची जुनी मस्टँग घेतोय. तीच पाटी चालेल? आणि आत शेव्हीचं एलएस इंजिन घालता येईल?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : गाडी कर्नाटकात बारा महिन्यांपेक्षा जास्त राहणार असेल तर नवा नंबर घ्यावा लागतो. आधी कोल्हापूरच्या आरटीओकडून फॉर्म २८वर ना-हरकत, मग चिक्कोडीच्या कार्यालयात फॉर्म २७ आणि इथला कर. कराची रक्कम व्यवहाराआधी विचारून घ्या, ती गाडीच्या किमतीत धरा.

इंजिनाचे म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आडवे येते. आरसीवरचा तपशील मूळ बनावटीपेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये तेच सांगितले. त्याच जातीचे दुसरे इंजिन घालायचे तरी आधी लेखी परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. शिवाय जुन्या मस्टँगचे तेलाचे भांडे पुढे खोल असते, शेव्हीचे मागे. मागचे भांडे थेट स्टिअरिंगच्या दांड्यांवर येते. त्यापेक्षा आहे ते फोर्डच रिबोअर करा. प्लगच्या वायरी लावताना ३०२चा ठिणगीचा क्रम १-५-४-२-६-३-७-८ लिहून बॉनेटच्या आत चिकटवा, म्हणजे शेव्हीवर हात बसलेला मिस्त्री चुकणार नाही.