नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजला ज्यांचे नाव आहे, ते स्टीफन हिस्लॉप कोण होते?
स्टीफन हिस्लॉप (१८१७–१८६३) हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे पाद्री होते. भोसल्यांचे राज्य अजून शाबूत असताना, १८४५ मध्ये, ते नागपुरात आले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी तेथे शाळा काढली. कॉलेज मात्र त्यांनी स्थापन केलेले नाही. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १८८३ मध्ये सुरू झाले व त्यांच्या स्मरणार्थ त्याला हे नाव दिले गेले.

माझ्या मते त्यांचे खरे वेगळेपण धर्मप्रसाराबाहेरच्या कामात आहे. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी नागपूर परिसरातील खडक व जीवाश्म यांचा जो अभ्यास केला, त्यामुळे मध्य भारताच्या भूशास्त्राचा पाया घातला गेला. चांदा भागातील मांगली येथे त्यांना मिळालेल्या एका प्राचीन उभयचराच्या कवटीचे वर्णन ब्रिटिश शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी प्रसिद्ध केले. गोंड व इतर आदिवासींविषयीची त्यांची टिपणे मध्य प्रांताचे तत्कालीन मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये संपादित करून छापली.

ती छापलेली पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. ४ सप्टेंबर १८६३ रोजी नागपूरजवळच्या टाकळघाटची शिळावर्तुळे (प्राचीन दफनस्थळांभोवतीची दगडांची वर्तुळे) पाहून घोड्यावरून परतताना पुराच्या पाण्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला.