वाचक विचारतात: फोर-व्हील गाडी दोन चाकांच्या डायनोवर

प्रश्न: माझी डिझेल थार फोर-बाय-फोर आहे, मित्राची गाडी कायम ऑल-व्हील (चारही चाकांना सतत ताकद). रीमॅपसाठी (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलण्यासाठी) दोन्ही गाड्या फक्त मागच्या चाकांवर डायनोला (चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्राला) लावता येतील का? – एक वाचक, खानापूर

उत्तर: थार खुशाल लावा. लिव्हर टू-एचमध्येच (ताकद फक्त मागच्या चाकांना) हवा. फोर-एचमध्ये (ताकद चारही चाकांना) राहिला तर पुढची चाकं गाडी रोलरवरून खाली ओढतील. पुढची चाकं थांबलेली पाहून ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं घसरू न देणारी यंत्रणा) ताकद कापतो, म्हणून तो आधी स्कॅनरने बंद करा. मोजताना १:१ च्या जवळचा गिअर घ्या, म्हणजे ज्यात गिअरबॉक्समधून बाहेर येणारा शाफ्ट जवळपास इंजिनच्याच वेगाने फिरतो तो.

मित्राच्या गाडीचं मात्र जपून. नुसता पुढचा प्रोपेलर शाफ्ट (पुढच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा) काढला आणि सेंटर डिफरेन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा गिअरसंच) ओपन, म्हणजे लॉक नसलेलं असलं, तर सगळा जोर त्या मोकळ्या टोकाकडे जातो, मागची चाकं ढिम्म. व्हिस्कस कपलिंग (घट्ट द्रवातून ताकद पोचवणारा जोड) असेल तर ते तापून जळतं. तिला चार रोलरचाच डायनो हवा.

आणखी एक, बेळगावकरांनी हे हमखास तपासावं: शहर सुमारे ७५० मीटर उंचीवर, हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण ८ टक्के कमी. टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) ही तूट बरीचशी भरून काढतो. वर डायनोचं करेक्शन (कमी दाबाची भरपाई म्हणून आकडा वाढवणारं गणित) लावलं की ताकदीचा आकडा फुगतो. रीमॅपच्या आधीचा आणि नंतरचा, दोन्ही आकडे करेक्शनविना मागा.