स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन कधी सुरू करावे? घरातले लग्न होईपर्यंत थांबले तर चालेल का?

तुम्ही लिहिले आहे की तुमच्या आईंचे वय ५८ आहे, चार आठवड्यांपूर्वी पुण्यात स्तन राखून त्यांच्या डाव्या स्तनातील गाठ काढली, काखेतील ग्रंथींत आजार आढळला नाही, केमोथेरपीची गरज नाही असे डॉक्टरांनी सांगितले आणि आता रेडिएशन घ्यायचे आहे. परंतु काखेत अजून पाणी साठते, हात पूर्ण वर जात नाही आणि दोन महिन्यांनी तुमच्या बहिणीचे लग्न आहे, म्हणून कार्य आटोपल्यावर रेडिएशन सुरू करावे का, असा तुमचा प्रश्न आहे. मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे आणि अशा शस्त्रक्रियेनंतर आखडलेले खांदे मोकळे करणे हे माझे रोजचे काम आहे. अंतिम निर्णय रेडिएशनच्या डॉक्टरांचाच असेल, परंतु माझे स्पष्ट मत असे आहे की लग्नासाठी थांबू नये, आणि आजपासून हालचाल केली तर थांबण्याची वेळही येणार नाही.

केमोथेरपी नसेल तर शस्त्रक्रियेनंतर साधारण चार ते आठ आठवड्यांत रेडिएशन सुरू करतात आणि १२ आठवड्यांच्या पुढे जाऊ नये असा प्रयत्न असतो. १२ आठवडे उलटले म्हणजे उपचार वाया गेला असे मुळीच नाही, मात्र विनाकारण तिथवर जाण्यात काही शहाणपण नाही. फार लवकरही सुरू करत नाहीत, कारण जखम भरलेली असावी लागते, आणि आत पाणी साठलेले असताना आखणीचा, म्हणजे किरण नेमके कुठे द्यायचे हे ठरवण्याचा, सीटी स्कॅन केला व नंतर ते पाणी ओसरले, तर आतल्या जागेचा आकार बदलतो आणि आखणी पुन्हा करावी लागू शकते. (केमोथेरपी लागते त्यांच्या बाबतीत ती आधी पूर्ण करतात आणि शेवटच्या डोसनंतर तीन-चार आठवड्यांनी रेडिएशन सुरू होते, त्यामुळे त्यांनी शस्त्रक्रियेपासून आठवडे मोजून घाबरू नये.)

गाठ तर पूर्ण निघाली, मग रेडिएशन कशाला, असे नातेवाईक म्हणत असल्याचे तुम्ही लिहिले आहे. स्तन राखलेला असताना डोळ्यांना किंवा तपासणीत न दिसणाऱ्या पेशी आत उरलेल्या असू शकतात आणि रेडिएशन त्यांच्यासाठी असते. सन २०११ मध्ये, रेडिएशन घेतलेल्या आणि न घेतलेल्या रुग्णांची तुलना करणाऱ्या १७ चाचण्यांतील १० हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती एकत्र करून प्रसिद्ध झाली. तीत दहा वर्षांत आजार परत येण्याचे प्रमाण रेडिएशन न घेतलेल्यांमध्ये सुमारे ३५ टक्के, तर घेतलेल्यांमध्ये सुमारे १९ टक्के होते, आणि १५ वर्षांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यूही साधारण सहाव्या हिश्शाने कमी झाले होते. त्या चाचण्या जुन्या काळातील आहेत आणि आजच्या औषधांमुळे मूळ धोका बराच कमी झाला आहे, तरी फायद्याची दिशा तीच आहे. काही वयस्कर स्त्रियांना, म्हणजे पासष्टीच्या पुढे, गाठ लहान व हार्मोन पॉझिटिव्ह (हार्मोनवर वाढणारी) असेल आणि हार्मोनच्या गोळ्या नियमित घेणार असतील तर, रेडिएशन टाळण्याचा पर्याय डॉक्टर देतात. तुमच्या आईंच्या वयाला तो सहसा लागू होत नाही.

आता लग्नाचा हिशेब मांडू. पूर्वी २५ दिवसांचे, म्हणजे पाच आठवड्यांचे रेडिएशन असे. ब्रिटनमधील मोठ्या चाचण्यांनंतर १५ दिवसांत ४० ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे माप) ही पद्धत अनेक ठिकाणी रुळली, आणि २०२० मध्ये तिथल्याच आणखी एका चाचणीचे निष्कर्ष आल्यापासून निवडक रुग्णांना पाच दिवसांचा पर्यायही मिळतो. आईंना १५ दिवस आणि गाठीच्या जागेवर जादा मात्रेचे, ज्याला बूस्ट म्हणतात ते, चार-पाच दिवस धरले तरी शनिवार-रविवार सोडून चार आठवडे होतात. येत्या दोन आठवड्यांत सुरुवात झाली तर शस्त्रक्रियेपासून दहाव्या आठवड्यात सगळे संपते आणि लग्नाला दोन आठवडे उरतात. लग्नानंतर सुरू करायचे म्हटले तर पाठवणी, पूजा, पाहुणे यांत तेरावा-चौदावा आठवडा सहज उजाडेल.

यात खरी अडचण येते ती हाताची, आणि ती कोणी वेळेवर सांगत नाही. मशीनखाली दोन्ही हात डोक्याच्या वर टेकवून, न हलता, रोज त्याच स्थितीत झोपावे लागते. माझ्या आत्याच्या वेळी शस्त्रक्रिया उत्तम झाली, जखमेतले पाणी काढणारी नळी (ड्रेन) निघाली, टाके सुकले, पण खांद्याविषयी तिला कोणी चकार शब्द सांगितला नव्हता, आणि तिनेही दुखेल म्हणून हात पोटाशी धरून ठेवला होता. आखणीच्या दिवशी हात कानापर्यंतही जाईना, तेव्हा तिला परत पाठवले आणि तीन आठवडे गेले. मग सदाशिव पेठेतल्या तिच्या स्वयंपाकघराच्या भिंतीसमोर तिला उभे करून मी बोटे भिंतीवरून मुंगीसारखी वर चालवायला लावली आणि जिथवर पोहोचली तिथे पेन्सिलीने खूण केली. पहिली खूण मिसळणाच्या डब्याच्या फळीखाली होती. अठराव्या दिवशीची खूण घड्याळाच्या वर गेली. हे तुम्ही आजच सर्जनना विचारून सुरू करा: दिवसातून तीन-चार वेळा, प्रत्येक वेळी दहादा, ताण जाणवेपर्यंत पण कळ येईपर्यंत नाही. काखेपासून दंडाकडे दोरीसारखी ताठ शीर हाताला लागली तर घाबरू नका. ते वरचेवर आढळते आणि व्यायामाने सुटते. काखेतील पाण्यासाठी सर्जनकडे जा, गरज असेल तर ते सुईने काढतात. ताप, वाढती लाली किंवा पू दिसला तर मात्र त्याच दिवशी दाखवा.

आजार डाव्या बाजूचा असल्यामुळे एक गोष्ट आवर्जून विचारा. खोल श्वास भरून रोखला की छाती फुगते आणि हृदय स्तनापासून दूर सरकते, त्यामुळे हृदयाला मिळणारी मात्रा कमी होते. ही सोय रेडिएशनच्या रुग्णालयात आहे का आणि आईंना ती लागू आहे का, हे आखणीआधीच कळले पाहिजे. घरी पाठीवर झोपून शांतपणे २० सेकंद श्वास रोखण्याचा सराव केलेल्या स्त्रियांना पुढे त्याचा त्रास वाटत नाही.

जखम पूर्ण भरण्याची वाट पाहून मगच रेडिएशनच्या डॉक्टरांची भेट घेऊ, असे करू नका. पहिली भेट, सीटी स्कॅन, त्वचेवरच्या खुणा, आखणी आणि मशीनची वेळ मिळणे यांतच एक-दोन आठवडे जातात. उपचार महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून होणार असेल तर पूर्वमंजुरीसाठीही दिवस लागतात, म्हणून रेशन कार्ड, आधार, बायोप्सीचा अंतिम रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड घेऊन याच आठवड्यात रुग्णालयातील आरोग्यमित्रांना, म्हणजे योजनेच्या मदतनिसांना, भेटा. तुम्ही सासवडला राहता, तेव्हा दिवे घाट उतरल्यावर पुण्यात आणखी आतवर वीस दिवस रोज ये-जा करण्यापेक्षा हडपसरच्या बाजूला उपचार मिळतात का, किंवा एखाद्या नातेवाइकांकडे महिनाभर राहता येते का, हे पाहा. उपचार काही मिनिटांचा असतो. माणूस थकतो तो प्रवासाने. हार्मोनच्या गोळ्या रेडिएशनसोबत सुरू करायच्या की नंतर, हेही त्याच भेटीत विचारा, कारण दोन्ही पद्धती चालतात.

लग्नाबद्दल एक सांगते, कारण ते मी अनेकींना सांगितले आहे. त्वचेची लाली आणि काळवंडणे रेडिएशन संपल्यावर एक-दोन आठवड्यांत सर्वांत जास्त असते, म्हणजे नेमके कार्याच्या सुमारास. हळदीच्या दिवशी आईंना हळद लावायची ती हातांना आणि गालांना लावावी, छातीच्या त्या भागाला काहीही लावू नये. पैठणीवरचा ब्लाउज आत्ताच शिवायला टाकू नका. रेडिएशन संपल्यावर माप द्या, आतून मऊ सुती अस्तर लावून घ्या, काखेत दोन बोटे सैल ठेवा आणि जरीचा काठ त्या बाजूच्या बाहीला येऊ देऊ नका.